पुढे एक टायर, मागे दुसरा: ट्रॅक डेला मिश्र जोडी कितपत चालते?

वळणवेडा

गाडी पोलो जीटी, टायर १९५/५५ आर १६ (रुंदी १९५ मिमी, भिंतीची उंची तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची), सस्पेन्शन कंपनीचंच, ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) आहे. बेत चेन्नईच्या सर्किटवरच्या ट्रॅक डेचा (आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस), तोही कोरड्या दिवसांत. पुण्याहून गाडी चालवत जायचं आणि त्याच गाडीने परत यायचं, ट्रेलर वगैरे भानगड नाही.

२०० ट्रेडवेअरच्या (झिजेचा आकडा, कमी म्हणजे सहसा मऊ आणि चिकट रबर) वर्गातले टायर या मापात फक्त दोन मिळतायत. जून २०२० मध्ये नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित यादीत टाकली. तेव्हापासून नाना पेठेत जाऊन असले टायर "चार एकसारखे द्या" म्हणणं म्हणजे श्रावणात हापूस मागणं.

विचार असा आहे: पुढची चाकं गाडी ओढतात, तीच वळवतात, ब्रेकचा मोठा भारही तीच घेतात. मागची नुसती फरपटत येतात. मग नवे दोन पुढे टाकले आणि मागे सध्याचे टूरिंग, म्हणजे आरामाचे, टायर (२०१९ चे, खाचांची खोली ४ मिमी) ठेवले, तर अंडरस्टीअर (स्टीअरिंग वळवूनही नाक बाहेर जाणं) कमी होईल आणि पैसेही वाचतील. यात चूक कुठे आहे?

शून्य_टो

चूक "नुसती फरपटत येतात" या तीन शब्दांत आहे.

मागची चाकं गाडीला रेषेवर ठेवतात. त्यांची आडवी पकड पुढच्यांच्या आधी संपली, की गाडी स्वतःभोवती फिरते. म्हणून रस्त्यावरची गाडी कंपनी मुद्दाम उलटी लावून देते. आधी पुढचं सुटतं, गाडी रुंद जाते, ड्रायव्हर दचकून ॲक्सिलरेटर सोडतो, वजन पुढे येतं आणि पुढची पकड परत मिळते. चारही टायर सारखे आहेत असं धरूनच ही साखळी बसवलेली असते. पुढे चिकट आणि मागे टणक लावलंत की तोच दचकून उचललेला पाय गाडी फिरवतो.

आकडे मांडू. ड्रायव्हरसकट १२०० किलो धरा, ६२ टक्के पुढे. म्हणजे पुढे ७४४, मागे ४५६. व्हीलबेस २.४७ मीटर, गुरुत्वमध्याची उंची अंदाजे ५३ सेंमी.

०.३ जीने (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) वेग कमी होतोय: ७७ किलो पुढे सरकले, मागे उरले ३७९.
०.८ जीचा ब्रेक: २०६ सरकले, मागे २५०.
पुढे चिकट टायर आले म्हणून ब्रेक ०.९५ जीचा झाला: २४५ सरकले, मागे २११.

पुढचे टायर सुधारले म्हणूनच मागची चाकं आणखी हलकी झाली, हे शेवटच्या ओळीत नीट बघा. आणि नेमकं तिथेच २०१९ चं रबर. ब्रेक हळूहळू सोडत कोपऱ्यात शिरणं ट्रॅकवर सगळेच करतात. या जोडीचा सगळ्यात वाईट क्षण तोच.

वर उष्णतेचा प्रश्न आहेच. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत चारही टायर एकाच जातीचे असले तरी पुढचे तिसऱ्या फेरीपर्यंत तापून मऊ होतात, मागचे कोमटच राहतात. म्हणजे पुढे-मागे फरक निसर्गतःच पडलेला असतो. तुम्ही त्यात भर घालताय.

मापात_पाप

मतभेद नोंदवतो. ऑडीची २०११ ची आरएस ३ पुढे २३५/३५ आर १९ आणि मागे २२५/३५ आर १९ घेऊन आली. आत्ताच्या पिढीत पुढे २६५/३० आर १९, मागे २४५/३५ आर १९. म्हणजे कंपनीच पुढे रुंद देते. टाइम अटॅकच्या (एकेकट्याने घड्याळाशी शर्यत) फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्याही सर्रास पुढे रुंद, मागे अरुंद लावतात. मग सरसकट "नाही" कशावरून?

शून्य_टो

उदाहरण बरोबर, निष्कर्ष घाईचा. आरएस ३ मध्ये पुढे-मागे माप वेगळं आहे, पण टायर एकाच मॉडेलचे, एकाच रबराचे, एकाच बांधणीचे. शिवाय स्प्रिंग, अँटिरोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) आणि ईएसपीचं गणित त्या जोडीवरच बसवलेलं. टाइम अटॅकवाल्यांकडे मागचा कॅम्बर-टो (चाकाचा उभा कल आणि आत-बाहेर वळलेला कोन) बदलायची सोय असते, बऱ्याचदा मागे विंगही असते. मागची पकड त्यांनी दुसऱ्या मार्गाने विकत घेतलेली असते.

माझं म्हणणं इतकंच की माप वेगळं चालेल, जात वेगळी नको. १० मिमी रुंदीचा फरक ड्रायव्हरला थोड्या वेळात कळतो आणि तो सगळ्या वेगांना, सगळ्या तापमानांना साधारण तसाच राहतो. रबराचा फरक तसा राहत नाही. पहिल्या फेरीत पुढचं थंड असताना गाडी गरीब वाटते, चौथ्या फेरीत तीच गाडी वेगळी असते.

रबरी_शिक्का

शून्य_टो यांच्या "जात" या शब्दात तीन-चार गोष्टी आहेत, त्या सुट्या करून सांगतो. बहुतेक जण फक्त पकड बघतात.

पहिली गोष्ट, स्लिप अँगल. टायरचं तोंड आणि टायर प्रत्यक्ष जातो ती दिशा यांच्यात जो कोन असतो तो. टूरिंग टायरची पकड साधारण ८ ते १० अंशांच्या आसपास शिखराला पोचते आणि पलीकडे सावकाश उतरते. ट्रॅककडे झुकणाऱ्या टायरचं शिखर त्याच्या अलीकडे असतं आणि पलीकडचा उतार तीव्र. पुढे तीव्र, मागे सुस्त अशी जोडी लावली तर स्टीअरिंग वळवताच नाक झपकन आत जातं, आणि मागचं टोक आपला कोन तयार करायला वेळ घेतं. एका कोपऱ्यात हे खपून जातं. डावं-उजवं लागोपाठ असेल तिथे मागचं टोक पहिल्या वळणातून सावरत असतानाच दुसरा झटका येतो. फिरकी बहुतेक वेळा दुसऱ्या वळणात बसते आणि ड्रायव्हर चूक दुसऱ्या वळणात शोधत बसतो.

दुसरी, भिंत. टूरिंगची बाजूची भिंत मऊ, आरामासाठी केलेली. कोपऱ्यात भार आला की ती आधी मुरडते आणि मग ट्रेडला (जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याला) आडवं बळ मिळतं. हा उशीर म्हणजेच मागचं "डुलणं". हवा वाढवून थोडा कमी होतो, जात नाही.

तिसरी, वय. भिंतीवरच्या लांबलचक क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पुण्यात उघड्यावर उभी असलेली गाडी असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात रबर लवकर कडक होतं. शोअर ए चा हार्डनेस गेज फार महाग नसतो. चारही टायर सावलीत एकाच तापमानाला आले, की ट्रेडच्या मधल्या ठोकळ्यांवर पाच-पाच ठिकाणी टेकवा आणि सरासरी काढा. पुढच्या-मागच्यात ५ अंकांहून जास्त फरक निघाला तर कागदावर मॉडेल एकच असलं तरी ते टायर मिश्र समजा.

चौथी, ट्रेडवेअरचा आकडा. तो परीक्षा मंडळाचा निकाल नाही. कंपनी स्वतः, १०० मानलेल्या संदर्भ टायरशी तुलना करून ठरवते. एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० यांत ट्रॅकवर मोठी तफावत असू शकते. कंपनीच्या आतल्या आत मात्र तो कामाचा: मिशलिनचा पायलट स्पोर्ट ४ एस ३०० चा, कप २ १८० चा. तोयोचा आर ८८८ आर १००, नानकांगचा एआर १ थेट ८०. हे शेवटचे दोन "मागच्या चाकांची धास्ती नको" म्हणून पोलोच्या मागे टाकायची कल्पना कुणाच्या डोक्यात येत असेल, तर तीही काढून टाका. त्यांना उष्णता लागते. फ्रंट व्हील ड्राइव्हचा मागचा एक्सल ती देतच नाही. थंड सेमी-स्लिक (असला जवळजवळ शर्यतीचा टायर) तापलेल्या चांगल्या रोड टायरहून वाईट वागतो.

पेठेतला_पाना

+१. एक भर: झिजलेला टायर नेहमी वाईटच असं नाही. कोरड्यात, एकाच मॉडेलचा आणि एकाच सालचा असेल, तर ५ मिमी उरलेला टायर नव्या ८ मिमीहून ताठ असतो. ठोकळे कमी मुरडतात, कमी तापतात, कडा तुटत नाहीत. म्हणून चार एकसारखे असतील तर नवे-जुने वाटून घ्यायला हरकत नाही. फक्त खोलीतला फरक २ मिमीच्या आत ठेवा आणि पावसाची शक्यता असेल तर जास्त खोलीचे मागे.

वळणवेडा

पटतंय. मग उलट केलं तर? नवे दोन मागे, टूरिंग पुढे. आणि पुढे-मागे घेराचा फरक एबीएसला कितपत चालतो? तिसरा प्रश्न, मिश्र लावायचेच झाले तर निदान काय सांभाळू?

शून्य_टो

उलट केलं तर गाडी सुरक्षित आणि कंटाळवाणी होईल. टायर कंपन्याही रस्त्यासाठी हेच सांगतात, दोनच नवे घेतले तर मागे टाका. ट्रॅकवर मात्र पुढच्या टूरिंग टायरचे हाल होतात. ओढणं, वळवणं, थांबवणं सगळं त्यांच्याच माथी, आणि ते रबर या उष्णतेसाठी नाहीच. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून पुढचं टोक घसरायला लागेल, एबीएस लवकर लागेल, बाहेरच्या खांद्यावरचं (ट्रेडच्या कडेचं) रबर दाणेदार होऊन सुटेल. संध्याकाळी पुढचे दोन टायर परतीच्या प्रवासाच्या लायकीचे राहतील याची खात्री नाही. चेन्नई ते पुणे जवळजवळ १२०० किलोमीटर आहे, हे गणितात धरा.

त्यामुळे क्रम लावायचा तर असा. चारही एकाच जातीचे स्पोर्टी रोड टायर, २०० चे नसले तरी चालतील, हे पहिलं. चारही २०० चे, हे त्याच्या बरोबरीने, कारण कंपनीच्या सस्पेन्शनवर कॅम्बर नसतो आणि चिकट टायरचा बाहेरचा खांदाच खाल्ला जातो. चारही सध्याचेच, पण टायर तापले की दोन फेऱ्या थंड करायच्या, हे तिसरं. चांगले दोन मागे हे चौथं. तुमचा मूळ बेत शेवटी.

पेठेतला_पाना

घेराचं मी सांगतो, कारण यात लोक छापील मापावर विसंबून फसतात.

१९५/५५ आर १६ चा व्यास कागदावर ६२१ मिमी. २०५/५० आर १६ चा ६११. फरक दीड टक्का. आता एकाच मापाचे दोन टायर घ्या, एक ८ मिमीचा नवा, एक ४ मिमी उरलेला. व्यासात ८ मिमी फरक, म्हणजे १.३ टक्के. नुसत्या झिजेने जवळजवळ एका मापाएवढा फरक पडला. वर हवा वेगळी असेल तर आणखी.

म्हणून मोजा, तेही जमिनीवर. हवा नेहमीची भरा, ड्रायव्हर आत बसलेला असू द्या. सोसायटीच्या पार्किंगमधली सपाट फरशी पुरते. टायरच्या तळाला आणि त्याच्या खाली जमिनीवर खडूची एकेक खूण करा. गाडी ढकलत चाकाचे पूर्ण पाच फेरे होऊ द्या, खूण परत तळाला आली की जमिनीवर दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर स्टीलच्या टेपने मोजून पाचाने भागा. १९५/५५ आर १६ ला पाच फेऱ्यांचे साडेनऊ मीटरच्या आसपास भरतात. व्यास गुणिले पाय करून येतं त्याहून हे थोडं कमीच येणार, कारण भाराखाली टायर बसतो. पुढे-मागे हा आकडा १ टक्क्याच्या आत आला, म्हणजे साडेनऊ मीटरला ९ सेंमीच्या आत, तर एबीएस आणि ईएसपीची कुरकुर नसते. एकाच एक्सलवर डाव्या-उजव्यात मात्र १ टक्काही नको. तिथे डिफरन्शियल सतत फिरत राहतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

ज्या गाड्या चाकांच्या वेगावरून "हवा कमी" असा इशारा देतात, त्यांत टायर बदलल्यावर रिसेट करायला विसरू नका. नाहीतर दिवा लागेल आणि तुम्ही नको तिथे पंक्चर शोधाल.

लोड इंडेक्सही बघा. ८७ म्हणजे ५४५ किलो, ९१ म्हणजे ६१५. कंपनीच्या आकड्याखाली जाऊ नका, कितीही चिकट मिळाला तरी.

घाटमाथा

धागा फ्रंट व्हील ड्राइव्हचा आहे, तरी रिअर आणि ऑल व्हीलवाल्यांसाठी थोडं लिहून ठेवतो. शोधत येणारे हाच धागा उघडतील.

बीएमडब्ल्यू ३ सिरीजच्या बऱ्याच एम स्पोर्ट गाड्यांवर पुढे २२५/४५ आर १८, मागे २५५/४० आर १८ असतात. व्यास ६६० आणि ६६१, म्हणजे घेराचा प्रश्न कंपनीने आधीच सोडवलाय. मागे रुंद दिल्याने गाडी अंडरस्टीअरकडे झुकते. ट्रॅकवर पुढचे खांदे आधी जातात आणि मापं वेगळी म्हणून पुढे-मागे अदलाबदलही करता येत नाही. म्हणून लोक चारही चौरस करतात, म्हणजे २४५/४० आर १८ चारही कोपऱ्यांना. पण पुढची रिम साडेसात इंची असते, आणि २४५/४० ला किमान ८ इंची लागते. तेवढ्यासाठी पुढच्या दोन रिम नव्या घ्याव्या लागतात. हे न बघता साडेसातवर २४५ चढवला, तर टायर फुग्यासारखा गोल बसतो आणि रुंदीचा काहीही फायदा मिळत नाही.

चौरस केल्यावर गाडी मोकळी होते. आधीच्या सवयीने कोपऱ्यातून बाहेर पडताना पॉवर दिली की मागचं टोक पूर्वीपेक्षा लवकर हलतं. पहिल्या सेशनला ईएसपी पूर्ण चालू ठेवावं.

याच गाडीत फक्त पुढे सेमी-स्लिक टाकणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. फक्त मागे टाकले तर नुसतं अंडरस्टीअर वाढेल आणि पुढचे टायर भाजून निघतील. धोका कमी, पैसे वाया.

ऑल व्हील ड्राइव्हमध्ये विषय पकडीच्या आधी घेराचा. पुढच्या-मागच्या घेरात फरक असेल तर दोन एक्सलमधला क्लच सरळ रस्त्यावरही घसरत राहतो आणि तापतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते, तीच पाळा. वर पाना यांनी सांगितलेली खडूची पद्धत तिथे जास्त गरजेची आहे. आरएस ३ च्या आत्ताच्या जोडीत व्यासाचा फरक १.९ टक्के निघतो, त्यावरून "मग माझ्याही गाडीला चालेल" असं मात्र समजू नका. त्यांनी तो धरून गाडी केलीय.

मापात_पाप

२६५/३० म्हणजे ६४२, २४५/३५ म्हणजे ६५४. हो, १.९. आता गप्प बसतो.

पेठेतला_पाना

तिसरा प्रश्न राहिलाय. मिश्र लावायचेच ठरवलेत तर हे एवढं.

आधी वजन करा. चाकणला किंवा मार्केट यार्डाकडे ट्रकचा वजनकाटा असतो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. मागचं वजन वजाबाकीने येतं. काटा ५-१० किलोच्या टप्प्यात दाखवतो, आपल्याला तेवढं पुरतं. वर दिलेले ७४४-४५६ हे उदाहरण आहे, तुमच्या गाडीचे आकडे हातात असू द्या. पेट्रोल अर्ध्या टाकीखाली जाऊ देऊ नका. टाकी मागच्या बाजूला आहे, ते वजन फुकटात मागची चाकं दाबतं.

रिमचे दोन संच करत असाल तर: पोलो, व्हर्टस, स्लाव्हिया तिघींना ५ बोल्ट, १०० पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मिमीत), मधलं भोक ५७.१ मिमी. बाजारातल्या रिमचं भोक मोठं असेल तर ५७.१ ची रिंग घाला. बोल्टची बैठक तपासा. कंपनीच्या रिमला गोल बैठकीचे बोल्ट लागतात, बाहेरच्या बहुतेक रिमना शंकूच्या. गोल बोल्ट शंकूच्या बैठकीत घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण टेकलेला असतो फक्त एका कडेवर, आणि ट्रॅकवर सुटतो. १२० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळा, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या इम्पॅक्ट गनने नाही. पहिल्या सेशननंतर चाकं गार झाल्यावर परत तपासा.

हवा. पुढे चिकट, मागे टणक असेल तर पुढची पकड मुद्दाम थोडी मारायची आणि मागची वाढवायची. सुरुवात म्हणून गरम अवस्थेत पुढे ३८ ते ४०, मागे ३० ते ३२ पीएसआय. चारही सारखे असते तर पुढे ३६, मागे ३४ पासून सुरुवात केली असती. हवा आतून साधारण दर १० अंश सेल्सियसला १.६ पीएसआय वाढते, म्हणून पुढच्यांना गार असतानाच ६ ते ८ कमी भरून निघा. मागचे कमी तापतात, तिथे ३ पुरे. प्रत्येक सेशनच्या शेवटी पिटमध्ये आल्या आल्या, बूट-हेल्मेट काढायच्या आधी मोजा. दोन मिनिटांनी घेतलेल्या आकड्याला अर्थ नाही.

तापमान मोजायचं तर सुई टोचणारा पायरोमीटर वापरा. लेझरवाली बंदूक फक्त वरचा थर दाखवते आणि तो पिट लेनमध्येच थंड होतो. आतली कड, मध्य, बाहेरची कड असे तीन आकडे लिहा. मध्य दोन्हींपेक्षा जास्त तापला तर हवा जास्त आहे. बाहेरची कड जास्त तापली तर कॅम्बर कमी आहे किंवा हवा कमी. आणि मिश्र जोडीत खरा आकडा म्हणजे पुढची सरासरी वजा मागची सरासरी. तो फेरीगणिक वाढत असेल तर गाडी फेरीगणिक जास्त फिरकीबाज होतेय, मग लॅप टाइम कितीही खुणावो, पिटमध्ये या.

मागे जाड अँटिरोल बार लावला असेल तर काढा किंवा सगळ्यात मऊ भोकात लावा. तो बार सारख्या टायरवर नाक आत आणायला ठीक असतो, या जोडीवर विषच.

रबरी_शिक्का

नवे टायर सरळ जोरात वापरू नका. पहिलं सेशन १५ मिनिटं, वेग हळूहळू वाढवत, मग गाडी झाकून उभी करा आणि शक्य असेल तर २४ तास हात लावू नका. या एका तापण्या-निवण्याने रबर बसतं. ज्यांचं पहिलं सेशनच रेटून झालं त्यांचे टायर दुसऱ्या दिवशी निसरडे लागतात.

चेन्नईचं सर्किट घड्याळाच्या दिशेने चालतं, त्यामुळे डावी बाजू जास्त तापते. आकडे लिहिताना डावे-उजवे वेगळे लिहा, नाहीतर सरासरीत सगळं लपतं. दिशा ठरलेली नसेल अशा टायरना जेवणाच्या सुट्टीत डावे-उजवे बदलून घ्या.

डावा_पाय

ईएसपीबद्दल कुणी बोललं नाही. स्टीअरिंग किती वळलंय आणि वेग किती, यावरून गाडीने किती फिरायला हवं याचा अंदाज ईएसपी बांधतं. हा अंदाज कंपनीच्या टायरवर बेतलेला असतो. पुढे चिकट टायर लावले की गाडी अंदाजापेक्षा जास्त फिरते आणि ईएसपी बाहेरच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावतं. सेशनभर हे चालू राहिलं की पुढचे पॅड भाजतात आणि ड्रायव्हरला वाटतं टायर छान चाललेत. दिवा किती वेळा लुकलुकतोय ते मोजा. प्रत्येक कोपऱ्यात लुकलुकत असेल तर गाडी तुम्ही नव्हे, ईएसपी चालवतंय. तरीही ते बंद करू नका. मिश्र जोडीवर बंद करायचं बटण विसरा.

गाडीचा स्वभाव मोकळ्या खासगी जागेत, मालकाच्या परवानगीने आधी तपासता येतो. २० मीटर त्रिज्येचं वर्तुळ शंकूंनी आखा, बाहेर दुप्पट मोकळी जागा ठेवा. वेग हळूहळू वाढवा. ४५ किमीच्या आसपास ०.८ जी होतो. त्याआधीच, ३५ ला, ॲक्सिलरेटर पटकन सोडून बघा. नाक थोडं आत आलं तर ठीक, मागचं टोक चालायला लागलं तर उत्तर मिळालं. स्थिर वेगाने नुसतं वर्तुळ फिरून काही कळत नाही, कारण हा दोष पाय उचलल्यावरच दिसतो. आणि कृपा करून हे ताम्हिणीत नको.

घाटमाथा

पाऊस आला तर? चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस आपल्या कॅलेंडरप्रमाणे येत नाही.

डावा_पाय

मिश्र जोडी असेल तर बाहेर या, एवढंच. मागे ४ मिमीचं कडक रबर आणि पुढे नव्या खाचा, म्हणजे पाण्यावर आधी मागचं तरंगणार. तिथे हवेची कोणतीही जुळवाजुळव कामाची नाही.

जाता जाता, मोटर पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" नावाचा परिच्छेद असतो. संघटित शर्यत, वेगाची चाचणी असले वापर त्यात वगळलेले असतात. आयोजक ट्रॅक डेला शर्यत म्हणत नाहीत, पण दावा करताना वाद तुम्हालाच घालायचाय.

वळणवेडा

ठरलं. दोनच टायर घेत नाही. चारही एकाच मॉडेलचे स्पोर्टी रोड टायर याच मापात मिळतायत, ८७ व्ही (व्ही हा वेगमर्यादेचा वर्ग), चौघांची तारीख एकाच महिन्यातली मागितलीय. २०० चे चार जमले तर पुढच्या मोसमात, दुसऱ्या रिमवर.

शेवटचा प्रश्न. पुण्यात घरी हवा ठरवून निघालो आणि चेन्नईत पहाटे गार अवस्थेत मोजली, तर तोच आकडा दिसायला हवा ना?

पेठेतला_पाना

नाही. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास, चेन्नई जवळजवळ शून्यावर. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतं, आणि खाली बाहेरची हवा जास्त दाबते. तापमान तेच असेल तर पुण्यातले ३२ चेन्नईत ३१ च्या जरासे वर दिसतील. त्यातून चेन्नईची पहाट पुण्याच्या हिवाळी पहाटेपेक्षा १० अंशांनी उबदार असेल तर दीड पीएसआय परत वाढेल आणि आकडा ३२.५ च्या पुढे जाईल. म्हणून घरचा आकडा विसरा आणि ट्रॅकवर पोचल्यावर, गाडी सावलीत तासभर उभी राहिल्यावर नव्याने भरा. संध्याकाळी निघताना परत दाराच्या चौकटीवरच्या कंपनीच्या आकड्यावर आणा, कारण सामान आणि माणसं भरून हायवेला ट्रॅकची हवा चालणार नाही. गेज एकच न्या, तेच सगळीकडे वापरा. पेट्रोल पंपावरच्या गेजशी त्याचं पटणार नाही, त्याकडे लक्ष देऊ नका.